नाव छापू नका

ठाणं कधीकाळी शिलाहारांची राजधानी होतं, हे उत्तराबाईंनी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं, राजांचं पुष्कळ झालं. आता या राजधानीतल्या साध्या माणसांच्या विसरलेल्या गोष्टी गोळा कराव्यात. त्यांचा जुना विद्यार्थी साकेत डोंबिवलीत पुस्तकं छापायचा. म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त लिहा. बाकी माझ्यावर सोडा."

कोलशेतच्या गोदाआजींचा जन्म मिठागरात गेलेला. खाडीचा बांध फुटला तेव्हा त्यांचा थोरला भाऊ धाकू भगदाडात आडवा झोपला, लोक माती घेऊन येईपर्यंत. मीठ वाचलं, धाकू नाही. सांगून झाल्यावर आजींनी बाईंचा हात धरला.

"नाव नको छापू गो बाय. तेवरंच त माज्याजवल ऱ्हायलंय."

बाईंनी शब्द दिला.

पुस्तकाचा पहिला भाग आला. गोष्टीचं शीर्षकच होतं, 'धाकूचा बांध'.

"नावाशिवाय गोष्ट उभीच राहत नाही, बाई," साकेत फोनवर म्हणाला. "आणि त्या आजी कुठे वाचणारेत?"

बाई त्याच दुपारी कोलशेतला माफी मागायला गेल्या. आजी ओट्यावर सुकट निवडत होत्या. त्यांनी बाईंना लगेच ओळखलं, मागच्या खेपेच्या चिवड्याचीही आठवण काढली.

"आजी, माझं चुकलं. धाकूचं नाव छापलं गेलं."

"कोन धाकू?"

"तुमचा भाऊ."

"मना भाव?" आजी हसल्या. "आमी दोगी भयनीच गो."

नातसून दिशा बाईंना गेटपर्यंत सोडायला आली. "मंगळवारपासून असंच चाललंय. बाकी सगळं लख्ख आठवतं हां. अवसेला बांधावर त्याच्या नावाचा भात ठेवायच्या. काल मी ठेवायला निघाले, तर मलाच विचारतात, कुणासाठी?"

पुस्तक मंगळवारीच दुकानांत गेलं होतं.

बाईंनी कोपरीच्या विठ्ठलरावांना फोन लावला. त्यांनी आपल्या पहिल्या बायकोची गोष्ट सांगितली होती, तीन वेळा डोळे पुसत; तीही याच पुस्तकात होती. विठ्ठलराव नम्रपणे म्हणाले, "बाई, माझं लग्न एकदाच झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई साकेतच्या ऑफिसात पोचल्या. "दुसरा भाग थांबव."

"तो कालच दुकानांत गेला." साकेत नजर चुकवत होता. "रागावू नका. त्यात तुमचीही गोष्ट घातलीय. कुणाला सांगू नकोस म्हणाला होतात, पण बाई, सगळ्यात चांगली तीच आहे."

"माझी कुठली गोष्ट?"

त्याने पान उघडून दिलं. बाईंनी उभ्यानंच वाचलं. एक आई, अकरा वर्षांची श्रिया, हॉस्पिटलातले नऊ दिवस. एका ठिकाणी स्वल्पविराम चुकला होता. त्या आईची त्यांना फार दया आली.

"लिहिलंयस चांगलं," त्या म्हणाल्या. "पण ही कोणाची?"

साकेतने पुस्तक मिटून घेतलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

बाई रिक्षात बसल्या. विश्वासघात झालाय एवढं कळत होतं. कशाचा, ते सापडत नव्हतं.

घरी आल्यावर त्या कामाला लागल्या. आतल्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकावर एक, प्रत्येकीपुढे तारीख. सगळ्यात वरची त्यांच्या खांद्याला लागत होती. अक्षर त्यांचंच होतं.

त्यांनी ओलं फडकं आणलं.

चार रेघा पुसून झाल्यावर मागून त्यांच्या नवऱ्याने, हरिहरने, त्यांचं मनगट घट्ट धरलं. हा माणूस का रडतोय, बाईंना कळेना.