कमाल नव्व्याण्णव

नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीन, एक घरघरणारा कूलर आणि चपला बाहेर काढायचा नियम. मी तिथं बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचे. त्र्याण्णवच्या मे महिन्यात बॅचेस रिकाम्या होत्या, म्हणून धाकट्या भावासाठी, रघुसाठी, मी कबड्डीचा एक गेम लिहिला. हो, लाडच. एकुलता एक भाऊ, सगळ्याच बहिणी करतात.

गेममध्ये आपण संघाचा मॅनेजर. प्रत्येक खेळाडूला शंभरपैकी दोन आकडे. ‘आज’ म्हणजे तो सध्या कसा खेळतो, आणि ‘कमाल’ म्हणजे आयुष्यात जास्तीत जास्त कुठवर जाईल. सीझन संपला की वय, सराव आणि थोडं नशीब धरून कमाल दोन-तीनने वरखाली व्हायचा. रघुने हट्टाने वर्तकनगरच्या आमच्या मंडळातली खरी बारा पोरं त्यात घातली, स्वतःसकट. वय एकोणीस, आज ७१, कमाल ८८.

"फक्त अठ्ठ्याऐंशी, ताई?"

"अरे, बारा जणांत सगळ्यात जास्त तुझाच आहे. गप बस."

जूनच्या वीस तारखेला एका बँकेच्या संघाची निवड चाचणी होती. निवड झाली की नोकरी पक्की. बाबांची कंपनी बंद पडून वर्ष झालेलं. रघु सकाळ-संध्याकाळ मैदानावर असायचा. त्याला कबड्डीशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याचा कमाल ८४ दिसला. मी सीझन चालवलेलाच नव्हता. वैतागले. कुठल्यातरी कार्ट्याने बोटं घातली असणार, म्हणून सगळ्या बॅचला झापलं. दुसऱ्या दिवशी ७९. मग मी फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. ती लावली की फ्लॉपी नुसती वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही. फ्लॉपी पर्समध्ये टाकून घरी नेली. सकाळी क्लासमध्ये येऊन लावली तर ७१.

आज ७१, कमाल ७१. म्हणजे पोरगा आहे तिथंच संपला.

मी प्रोग्राम कागदावर छापून ओळ न् ओळ तपासली. चूक नव्हती. बाकी अकरा जणांचे आकडे जागच्या जागी होते. संध्याकाळी उगाचच मैदानावर गेले. मंडळाचे गुणाजी मास्तर कडेला उभे होते. म्हणाले, "चित्रा, रघुला झालंय काय गं? दमात कमी नाही, पण पोरगा अडकलाय. तेच तेच करतोय." त्यांना गेमबद्दल कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

चौदा तारखेला यादीत तेरावी ओळ आली. नाव रघु. वय २७, आज ०, कमाल ९९.

एकच नाव दोनदा घ्यायचं नाही, अशी सूचना प्रोग्राममध्ये मी स्वतः लिहिलेली. तरी ओळ होती. दुसऱ्या दिवशी तिचा आज १८. मग ४०. मग ६६.

अठराला दुपारी रघु क्लासमध्ये आला. थकलेला, पडलेल्या चेहऱ्याचा. माझ्या खांद्यावरून त्याने स्क्रीन पाहिला.

"दोन रघु? आयला, एक नव्व्याण्णववाला! ताई, तो माझा ठेव ना. दुसरा काढून टाक."

मला हसू आलं. एकाच नावाच्या दोन नोंदी झाल्या की एक काढायची, हे तर मी रोज शिकवते. शिवाय चाचणीला दोन दिवस उरलेले, त्या पोराला ७१ कशाला दाखवायचा? मी चिकटपट्टी काढली आणि ७१ची ओळ पुसली. रघुने टाळी दिली. कितीतरी दिवसांनी तो हसला होता, म्हणून मलाही बरं वाटलं.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसलेली. मी गंमत म्हणून सांगितलं, "आई, तुझे दोन रघु निघाले. एक तर सत्तावीस वर्षांचा घोडा!"

तिचा हात ताटात थांबला.

"कोणी सांगितलं तुला?"

"काय?"

ताटाकडे बघतच ती म्हणाली, "तुझ्या आधी एक होता. साडेतीन वर्षांचा झाला नि तापाने गेला. तू पाळण्यात होतीस. हा झाला तेव्हा वाटलं, तोच आला परत. म्हणून नाव तेच ठेवलं."

"आणि आम्हाला कधी बोलली नाहीस?"

"बोलत बसले असते, तर जगले असते का गं मी?"

सकाळी क्लास उघडायच्या आधीच मी मशीनवर बसले. माझ्या भावाची ओळ परत भरली. रघु, वय १९. मशीनने घेतली नाही. हे नाव आधीच आहे, म्हणालं. मग मी ९९ची ओळ पुसली. तीनदा पुसली, तीनदा ती तिथंच. जपून ठेवलेली जुनी फ्लॉपी काढली, मे महिन्यातली. तिच्यातही एकच रघु होता. सत्तावीस वर्षांचा.

मी घरी धावत गेले. रघु अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होता. "उद्या जाऊ नकोस," मी म्हटलं.

"वेडी झालीस का, ताई?"



वीस तारखेला मीही गेले. पहिल्याच चढाईत तो चौघांना शिवून आला. असा खेळ मी त्याचा कधी पाहिला नव्हता. कोणाचाच पाहिला नव्हता. लोक शिट्ट्या मारत होते.

"हा आपला खेळ नाही," शेजारी उभे असलेले मास्तर म्हणाले.

निवडलेल्यांत पहिलं नाव त्याचं होतं. मी गर्दीतून घुसले, त्याचा दंड धरला. तो माझ्याकडे बघून हसला, लहान पोरीकडे बघून हसतात तसा.

घरी आईने शिरा केलेला. तो आत आला, पाटावर बसला.

"चित्रे, पाणी आण."

जन्मात त्याने मला ताईशिवाय हाक मारली नव्हती.

मी आईकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. इतका आनंद तिच्या तोंडावर मी कधीच पाहिला नव्हता.

"उभी काय राहिलीस?" ती म्हणाली. "दादाला पाणी दे."

मी दिलं.