मातीचा रिसाला

त्या दिवशी मी आबांचं घोडदळ शिजायला घातलं होतं.

हसण्यासारखं वाटेल, पण धानोऱ्यात आमच्या घरी तेव्हा लढाई चुलीपर्यंत आलेली होती. माझे वडील, आबा, घोडदळाच्या रिसाल्यात दफेदार होते. पहिल्या मोठ्या लढाईत परदेशच्या वाळवंटात जाऊन आले. मायचं म्हणणं, अर्धेच आले. निरोप देताना त्यांच्या साहेबानं शिशाच्या शिपायांची पेटी दिली होती. पायदळ होतं, तोफा होत्या, अगदी तंबूसुद्धा होते. घोडेस्वार तेवढे साहेबाच्या मुलानं हट्टानं ठेवून घेतलेले. आबांनी ओसरीवर गोठ्याचं दार आडवं टाकलं, त्यावर तापीची वाळू पसरली आणि घोडेस्वारांच्या जागी वालाचे दाणे मांडले. माय रोज सकाळी शेरडं हाकलता हाकलता म्हणायची, "गोठाले दार नही, अन लढाईले शे!"

घरातले वाल संपले होते. मी रिसाला ओंजळीत उचलला आणि आधणात सोडला.

तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला. देवी टोचणारा आला होता. चार-पाच पोरं धडधडत ओसरीत घुसली आणि माझ्या लुगड्याआड दडली. त्यांच्यामागं तो, खांद्याला पिशवी, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. "मुलं इकडे आली का?" त्यानं सरकारी मराठीत विचारलं, आणि पोरांना विसरून वाळूवर वाकला.

"हे... हे तुर्कांचे मोर्चे ना? आणि हे आपलं पायदळ. मग घोडदळ कुठं आहे?"

मी पळीनं दाखवलं. "चूलवर."

त्यानं एकदा चुलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "फार वाईट बातमी आहे."

हा म्हसावदचा सुकलाल. नजर कमी म्हणून पलटणीत घेतला नव्हता. तेव्हापासून लढायांची पुस्तकं वाचायचा आणि गावोगाव देवी टोचत फिरायचा; लोक त्याला डागतरच म्हणायचे. आबांनी त्याला त्याच दिवशी वाळूवरच्या लढाईतला तुर्क करून टाकलं. मग काय, दर बाजाराच्या दिवशी डागतर हजर. वाळूवर दोघांची डोकी, आणि मी चहा ठेवते, उचलते, ठेवते, उचलते... त्या चष्म्यातून त्याला वाळवंटापलीकडची टेकडी दिसायची. समोर बांगड्या वाजवत उभी असलेली मी दिसायची नाही!

त्यात त्यानं आबांना शब्द दिला, रिसाला मी आणून देतो म्हणून. खरे, शिशाचे, साहेबी बनावटीचे घोडेस्वार. ते आल्याशिवाय खरी लढाई लढायची नाही, असं आबांनी ठरवूनच टाकलं.

साल होतं एक्केचाळीस. दुसरी लढाई पेटलेली. मुंबईच्या दुकानदारानं कळवलं, आता सगळं शिसं गोळ्यांना जातं, खेळण्यांना नाही. सुकलाल रजा काढून सुरतेला गेला. जुन्या बाजारात भटकून परतला तो धुळीनं पांढरा होऊन.

"सापडला का घोडा?" मी विचारलं.

"सापडला." त्यानं रुमाल सोडला. "पण नीट पाहिलं तर उंट निघाला."

पुढच्या खेपेला खरंच एक घोडेस्वार आला. लाल डगला, चमकते बूट, आणि हातात तलवारीऐवजी ढोलाच्या काठ्या. तो बँडवाला होता. आबांनी तो उन्हात धरला, खाली ठेवला आणि म्हणाले, "आते काय, वाजत-गाजत मरूत?"

तिसऱ्या खेपेचा घोडा तीन पायांचा होता. त्याला सुकलालनं चौथा पाय लावला तो बाभळीच्या काट्याचा. घोडा लंगडत नव्हता, पण जो हात लावेल त्याला टोचायचा. देवी टोचणाऱ्याचा घोडा. दुसरं काय होणार!

मी पहाटे दळायला बसले की ओव्या आपोआप त्याच वाटेला वळायच्या.

घरोट फिरस, पीठ पडस भुरूभुरू,
डागतर येस, त्याना घोडाज सुरू...

"कोनता डागतर वं?" माय अंधारातून विचारायची.

"कोनताबी," मी म्हणायची, आणि जातं जोरात फिरवायची.

पौष लागला. शिवारात मिरच्या वाळत पडल्या. मैलभर नुसतं लालच लाल, वाऱ्याची झुळूक आली तरी डोळ्यांत पाणी. मायनं मला सांगून टाकलं होतं, पौष सरला की शहाद्याची माणसं बघायला येणार. आबांनी नेहमीचंच उत्तर दिलं होतं, "पहिले मन्ही लढाई व्हऊ दे, मंग बोलूत." पण माय आता लढाईसाठी थांबणार नव्हती.

मी मिरच्या वरखाली करत होते. बांधावरून सुकलाल आला. आबा घरी होते, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो शेतात आला... माझ्या हातातली मिरची तशीच राहिली.

"धनुबाई, एक बोलायचं होतं."

"बोला ना."

"म्हणजे... पुष्कळ दिवसांपासून मनात आहे. तुम्हाला विचारावं, की—" त्याला जोराची शिंक आली. मग दुसरी. चष्मा घसरला, तो त्यानं सावरला, आणि जे काय ओठांवर आलं होतं ते त्या शिंकेबरोबर उडून गेलं. "—की घोडा शिपायाच्या दीडपट उंच पाहिजे, की थोडा कमी चालेल?"

मी मूठभर मिरच्या त्याच्या पायाशी आपटल्या.

"शहाद्याना पाव्हना येई ऱ्हायनात."

"असं? कशाला?"

"माले दखाले! बैल दखाले येतीन का आमना घर?"

तो चष्मा काढून पुसू लागला. पुसला, पुन्हा पुसला. डोळे लाल झाले होते. मिरचीनं की कशानं, देव जाणे. "मग तुम्ही... जाणार?"

"थांबाडनार कोन शे?"

"आबा म्हणालेत," तो खाली बघत पुटपुटला, "लढाई झाल्याशिवाय घरात दुसऱ्या कशाचं नाव काढायचं नाही. रिसाला आला असता, म्हणजे मला..."

तर हे असं होतं! ह्याची जीभ शिशाच्या घोड्याला बांधलेली. शिसं जगात उरलेलं नाही, आणि पौष तर सरत आला. एवढा वैताग आला की वाटलं, त्या मिरच्यांतच बसून रडावं. आणि त्या वैतागातच मला रमीबाई आठवली.

रमीबाई चिंचपाड्याकडची. मडकी घडवायची, आणि डोंगरातल्या देवाला लोक वाहतात ते मातीचे घोडेही. नंदुरबारच्या बाजारात मी तिच्याजवळ कितीदा बसले होते.

"मातीना घोडा चालतीन का तुम्हले?" मी विचारलं. "रमीबाई घडावस. पन तिन्ही एक रीत शे."

"कसली रीत?"

"तठे गयात का कळी."

तो निघाला. बांध ओलांडताना दोनदा अडखळला. मी पदर तोंडाला लावला. म्हटलं, मिरची उडतेय.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बैलगाडी दारात थांबली. सुकलाल उतरला, त्याच्यामागं डोक्यावर टोपली घेऊन रमीबाई स्वतः. कोणाचं घर आहे ते बघायला आली होती म्हणे. तिनं पेंढा बाजूला केला.

उभ्या बोटाएवढे घोडे. कान टवकारलेले, मानेवर नखानं ओढलेली आयाळ. पाठीवर चिमटीएवढे स्वार, डोक्याला फेटे; आणि प्रत्येक घोड्याला लाल दोऱ्याचा लगाम. साहेबी ऐट नव्हती त्यांच्यात. पण वाळूवर ठेवले, तर वाटलं आत्ता फुरफुरतील.

आबांनी एक उचलला.

"मैना," ते म्हणाले.

मैना ही आबांची घोडी. लढाई संपली तेव्हा माणसं बोटीत चढली, आणि घोड्यांना बोटीत जागा नाही म्हणून सांगितलं. आबांनी मैनाचा लगाम एका परक्याच्या हाती दिला आणि मागं न बघता निघून आले. ते न बघितलेलंच ते रोज वाळूवर मांडून बघायचे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत मात्र कोणी नव्हतं.

रांग लागली. आबांनी चढाईसाठी हात वर केला.

"थांब, दादा," रमीबाई म्हणाली. "खेळी ले, पन ध्यानमां ठेव. नवस फळना का हया घोडा देवना. मंग डोंगरवर वाहाना पडतीन."

आबांचा हात वरच राहिला. माय चुलीपासून उठून आली. "कसाना नवस?"

"मन्ही रीत शे. मातीवर हात ठेईसन मानूस मोठ्यानं नवस बोलस, मंगज मी घोडा घडावस. खेळाले नही घडावत. हाऊ डागतरबी बोलना."

"काय बोलना?"

सुकलाल वाळलेल्या मिरचीसारखा लाल झाला. रमीबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. "सांग ना रे! तठे तं आख्खा पाडा ऐके इतला वरडना!" तो बोलेना, तेव्हा ती माझ्याकडे वळली. "धनु म्हंजे तूज का वं? बाजारमां नाव नही सांगं कधी! हाई पोर माले भेटो, आसं बोलना तो."

बिनदाराच्या गोठ्यातून शेळी ओरडली.

माझ्या पायांची बोटं जमिनीत रुतली. त्यानं बोलावं म्हणून मीच त्याला तिथं धाडलं होतं. पण खेळायला आणलेले घोडेही नवस फळला की देवाला वाहावे लागतात, हे मला कुठं ठाऊक होतं!

आबांनी हात हळूच खाली घेतला. "म्हंजे पोर दिधी, तं रिसाला गया?"

"गया," रमीबाई म्हणाली.

"अन नही दिधी तं?"

"तं घोडा तुन्हाज."

आबांनी घोड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा घोड्यांकडे.

"आबा!" मला राहवेना. "इचार काय करी ऱ्हायनात?"

"शहाद्याना लोके—" मायनं सुरुवात केली, पण आबा सुकलालकडे बघत होते. "कधयपासून शे रे हाई तुन्हा मनमां?"

सुकलालनं चष्मा काढला. त्याची सरकारी मराठी कुठल्या कुठं गळून पडली.

"वाल शिजी ऱ्हायंतात... तव्हंपासून."

म्हणजे त्या पहिल्या दिवसापासून! आणि इतके महिने मी बांगड्या वाजवत होते. मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की डोळे भरूनच आले.

आबा कितीतरी वेळ हातातल्या घोड्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग माझ्याकडे वळले. "धनु, तुन्हं काय म्हननं शे?"

"मी काय म्हनू? हातमधला घोडा सोडा पहिले."

आबा हसले. गदगदून हसले. मायनं कपाळावर हात मारला, पण तीही हसत होती. "चला," आबा म्हणाले, "एक चढाई. एकज. मंग घोडा देवना, अन पोर तुन्ही."

चढाई झाली. तुर्कांनी त्या दिवशी फारच लवकर पळ काढला. "खोटं हारू नको रे!" आबा ओरडले, तरी त्यांचा चेहरा उजळला होता.

लग्नाची हळद नखांत होती तेव्हा आम्ही डोंगरात गेलो. मोठ्या झाडाखाली जुन्या घोड्यांचा ढीग होता, पावसानं झिजलेला, शेवाळलेला. कोणाकोणाचे नवस असतील ते... पोरं झाली असतील, ताप उतरले असतील. आबांनी आपले घोडे ढिगावर टाकले नाहीत. बाजूला ओळीत उभे केले, एकेकाच्या मानेवर हात ठेवला आणि एकेक लाल दोरा सोडून घेतला.

"आते चरा," ते म्हणाले.

टाचा जुळवल्या, सलाम केला, आणि निघाले. मग वळून पाहिलं. दहा पावलं गेले, पुन्हा पाहिलं. गाडीत बसेपर्यंत ते पाहतच होते.

गाडी उताराला लागली. पुढं माय आणि आबा, मागं पेंढ्यावर आम्ही दोघं.

"रमीबाईनी रीत तुले पहिलेज ठाऊक व्हती?" सुकलालनं हळूच विचारलं. 'धनुबाई' आणि 'तुम्ही' डोंगरावरच राहिले होते.

"व्हती."

"मंग सांगं काब नही?"

"सांगं असतं, तं तुम्हीन तठेबी घोडाना मापज बोली येतात."

मी पदराची गाठ सोडली. घरून निघतानाच बांधून आणले होते: वालाचे दाणे. "हाऊ घ्या तुम्हना रिसाला. पुढला बाजारले आबा वाट देखतीन."

त्यानं हात पुढं केला. दाणे घेतले, आणि दाण्यांबरोबर माझी मूठही. सोडेचना.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. खिशात होता.

"चष्मा काब काढा? काय दिसस तुम्हले आसं?"

"दूरनं काहीज नही," तो म्हणाला. "जवळनं दिसस."