मास्तरांची पेस्ट

दुपारची जेवणं उरकून बारकी लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे निघाली. लॅपटॉप एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि तीही अंगापासून चांगली हातभर लांब धरलेली. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई कचरा टाकायला चालली आहे. तसं कुणी विचारलं असतं, तर तिने नाहीही म्हटलं नसतं.

त्या लॅपटॉपला वास यायचा. सुरू केल्यावर थोडा वेळ काही नाही, पण एकदा का तापला, की पंख्याच्या जाळीतून गरम वारा सुटायचा आणि त्या वाऱ्याला सकाळी उठल्या उठल्या माणसाच्या तोंडाला येतो तो वास असायचा. शिळा, आंबूस, वरून टूथपेस्टचा गोडसर मुलामा दिलेला.

आता बारकीचं पोट कशावर चालायचं, तर दुसऱ्यांच्या तोंडांवर. ती दातांच्या लॅबसाठी कवळ्या तयार करायची. पूर्वी मेणात हाताने, आता पडद्यावर. माणसाच्या हिरड्यांचं स्कॅन यायचं, त्यावर ती एकेक दात बसवायची, आणि फाइल लॅबमध्ये गेली की तिथलं यंत्र तशीच्या तशी कवळी कोरून काढायचं. सुजलेल्या, सडलेल्या, पू झालेल्या हिरड्या ती सकाळ-संध्याकाळ बघायची. पण घरी कुणी उष्टा चमचा भांड्यात घातला, की सगळं भांडं मोरीत ओतायची. धंद्यापुरती किळस बाजूला ठेवायची आणि घरी आल्यावर व्याजासकट वसूल करायची, असा तिचा खाक्या.

लॅपटॉप मास्तरांचा. मास्तर म्हणजे लॅबमधले सगळ्यात जुने कारागीर, बारकीला या कामात तयार करणारे. माणूस हातात जादू असलेला, आणि तितकाच घाणेरडा. बोलता बोलता दातांत अडकलेलं काहीतरी शोषून 'चक्' असा आवाज काढायची खोड. टूथपेस्ट तर त्यांचा सर्व रोगांवरचा इलाज. हात भाजला, लाव पेस्ट. टेबलाला चरा पडला, घास पेस्ट. भिंतीतून मुंग्या निघाल्या, बुजव पेस्टने. आणि तीही नुसती नाही. अंगठ्यावर घ्यायची, तिच्यावर थुंकायचं, आणि दुसऱ्या बोटाने मळायची.

"थुंकीशिवाय लागत नाही गं ती," ते म्हणायचे, आणि बारकी तोंड फिरवायची.

जन्मभर लोकांना दात देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या तोंडात मोजून चार दात होते, त्यातला खालचा सुळा पार वाकडा, ओठावर चढलेला. "माझी कवळी तूच करायचीस," ते बारकीला कितीदा म्हणाले. बारकी दर वेळी हो म्हणाली आणि दर वेळी टाळत राहिली. त्या तोंडात हात घालायचा तिला धीरच झाला नाही. मग एक दिवस मास्तर टेबलावर डोकं ठेवून झोपले ते उठलेच नाहीत, आणि मालकांनी त्यांचा लॅपटॉप बारकीच्या हवाली केला. दातांचं ते जुनं सॉफ्टवेअर फक्त त्याच एका यंत्रावर चालायचं.

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं. झुरळं, उंदरांच्या लेंड्या, केसांचे पुंजके, सगळं बघून कोडगा झालेला तो माणूस. पण पंख्यालगतची तांब्याची पट्टी त्याने उचलली आणि झटकन मान मागे घेतली.

"ताई, हे कुणी केलंय?"

पट्टीखाली ग्राफिक्स कार्डाची चिप होती, आणि चिपवर पिवळट पडलेला एक जाड पापुद्रा. मध्ये बुडबुडे फुटून सुकलेले. कडेला अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटलेल्या.

"चिपची उष्णता बाहेर जायला मध्ये खास पेस्ट लावतात," दुरुस्तीवाला म्हणाला. "ही दात घासायची आहे. म्हणून तुमच्या पडद्यावर पट्टे येतात. कार्ड भाजून निघालंय."

त्याने स्पिरिटच्या बोळ्याने ते खरवडलं. बोळा ओला होताच दुकानभर तो वास उठला. बारकीने नाकाला रुमाल लावला, तरी घशाशी यायचं ते आलंच. त्याने बोळा बाहेरच्या डब्यात टाकला, हात दोनदा धुतले, आणि नवी राखाडी पेस्ट लावून झाकण बसवलं.

"कार्ड थकलंय हं ताई. एवढ्या जुन्या मशीनचं दुसरं मिळणार नाही. चाललं तोवर चाललं."

"मला एकच काम उरकायचंय, भाऊ. आईचं."

ते काम खरोखरच जिवावरचं होतं. आईचे दात आजारपणात एकामागून एक गेले. बाहेरून केलेल्या दोन कवळ्यांनी तिच्या हिरड्या सोलून काढल्या, तेव्हापासून तिने तोंडाला रुमाल लावला तो कायमचा. चार माणसांत बसणं सोडलं. पातळ पेज तेवढी घशाखाली उतरायची, आणि अंगावरचे कपडे दर आठवड्याला जास्तच सैल व्हायचे. डॉक्टरांनी बारकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाईंच्या पोटात घट्ट अन्न जायला हवं, नाहीतर औषधांचा काही उपयोग नाही. स्कॅन करताना दुखऱ्या तोंडात स्कॅनरची नळी फिरवली तेव्हा आईला उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं. "परत नाही हं, बारके," ती म्हणाली होती. आणि हिरड्या तर आक्रसत चाललेल्या. उशीर झाला की हे स्कॅनही फुकट जाणार होतं.

घरी येऊन बारकीने लॅपटॉप लावला. वास नव्हता. आईच्या हिरड्या पडद्यावर गुलाबी, स्वच्छ उभ्या राहिल्या. तिने वरचे दात बसवायला घेतले आणि तिला हायसं वाटलं.

ते फार टिकलं नाही. आधी कोपऱ्यात हिरवे ठिपके आले. मग आडवे पट्टे. मग आईच्या हिरडीतून एक टोक निघालं आणि सुईसारखं ताणत पडद्याबाहेर गेलं, त्याच्या शेजारून दुसरं, आणि बघता बघता सगळं तोंड चिरफाळून पडदा काळा झाला. बारकीने लॅपटॉप गार होऊ दिला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. खाली बर्फाची पिशवी ठेवली, टेबलावरचा पंखा लावला, देवाची नावं घेतली, मास्तरांच्या नावाने बोटं मोडली. दोन दात बसवावेत आणि पडदा जावा, असा सगळा आठवडा गेला. दुरुस्तीवाल्याने आणखी एकदा उघडून बघितलं आणि हात टेकले. गंमत अशी, की मास्तरांच्या त्या घाणीवर हे कार्ड पट्टे दाखवत का होईना, पण चालत होतं. स्वच्छ केलं आणि ते बसलंच.

आतल्या खोलीतून आईने पेजेची वाटी तशीच परत पाठवली, त्या दुपारी बारकीने स्क्रू काढायला घेतले.

बारकीचं डोकं ठिकाणावर होतं. टूथपेस्टने चिप सुधारत नाही हे तिलाही कळत होतं. पण सगळे उपाय करून झाले होते आणि एकच उरला होता. तिने राखाडी पेस्ट पुसली, न्हाणीघरातली टूथपेस्ट आणली, चिपवर लावली, झाकण बसवलं. पडदा उजळला, थरथरला, गेला.

"थुंकीशिवाय लागत नाही गं ती."

कुणी बोललं नव्हतं. तिला आठवलं, एवढंच. पण आठवताना मानेवर गरम वारा लागला, आणि तिने मागे वळून बघितलं. टेबलावरचा पंखा बंद होता.

तिने झाकण पुन्हा उघडलं, पेस्ट अंगठ्यावर घेतली आणि त्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत बसली. तोंड कोरडं पडलं होतं. जीभ टाळूला घासून तिने थुंकी गोळा केली, डोळे मिटले आणि अंगठ्यावर थुंकली. बोटाने मळून त्याचा लिबलिबीत लगदा केला. लगदा चिपवर दाबला, पट्टी बसवली, धावत जाऊन हात साबणाने घासले, पुन्हा घासले. तरी अंगठा चिकट लागत राहिला.

लॅपटॉप लागला. एक ठिपका नाही, एक पट्टा नाही. आणि जाळीतून तो वास आला. पूर्वी वारा सलग यायचा. आता तो थांबून थांबून येत होता... आत, बाहेर. आत, बाहेर.

बारकीने नाकावर रुमाल बांधला आणि कामाला लागली. दात असे बसत गेले, की तिचा तिलाच अचंबा वाटावा. एकही टोचणार नाही, एकही उंच नाही. खालची रांग संपत आली तेव्हा पंख्यातून आवाज आला.

चक्.

तिचा हात थांबला. पंख्यात काहीतरी अडकलं असेल... जुना पंखा... तिने पुढचा दात घेतला.

चक्.

खालचा सुळा वाकडा होता. तिने तर सरळ बसवला होता. तिने तो फिरवून सरळ केला. पलीकडचा दात बघून परत आली, तर सुळा पुन्हा ओठाच्या बाजूला झुकलेला. तिने तो काढून टाकला, नवा घेतला, सरळ बसवला, आणि हलकंच म्हणाली, "मास्तर... हे माझ्या आईचं तोंड आहे..."

जाळीतून येणारा वारा थांबला. कितीतरी वेळ काहीच आलं नाही. मग एकदम भसकन आला, गरम, ओलसर, सरळ तिच्या तोंडावर. रुमालाआड बारकीच्या जिभेवर टूथपेस्टची चव आली.

सुळा सरळच होता. तिने दोनदा तपासलं, वरून, खालून, बाजूने. फाइल लॅबला पाठवली. गेल्याची खूण आली आणि पडदा मिटला, तो कायमचा. भंगारात देण्याआधी तिने झाकण उघडून बघितलं, तर चिपवर आणि पट्टीवर पेस्टचा कण नव्हता. दोन्ही लखलखीत होते, आणि ओले होते.

कवळी आली. आईने खोलीचं दार लोटून घेतलं, आणि बारकी बाहेर जीव मुठीत धरून उभी राहिली. दार उघडलं तेव्हा आईच्या तोंडावर रुमाल नव्हता. ती हसत होती. किती दिवसांनी बारकीने ते हसू बघितलं! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"जरासुद्धा टोचत नाही गं, बारके." आईने सफरचंदाची फोड तोडली, चावली, गिळली, दुसरी घेतली. "तुझ्या हाताला गुण आहे बाई."

आणि मग बारकीला खालचा सुळा दिसला. ओठावर चढलेला.

"आई, एक दात... वाकडा आलाय. दे, मी परत करून आणते."

"वाकडा असू दे. खरा वाटतो उलट." आईने घाईने तोंडावर हात धरला. "ही मी काढून देणार नाही हं."

ती तिसऱ्या फोडीकडे वळली. चावता चावता थांबली, गाल आत ओढला.

चक्.

आईला अशी खोड कधीच नव्हती. बारकीने लॅबला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, फाइलमध्ये होता तसाच कोरलाय, बघा वाटल्यास. बारकीला बघायचं नव्हतं.

आता आई पोटभर जेवते. अंगावर मांस धरलं आहे, शेजारीपाजारी जाऊन बसते, खदखदून हसते. डॉक्टर खूश आहेत. अशा माणसाच्या तोंडातून दात काढून घ्यायचे, ते कुठल्या तोंडाने? बारकी फक्त आईच्या ताटातलं काही खात नाही, आणि आई जवळ घ्यायला आली की श्वास रोखून धरते.

कवळी पाण्यात ठेवायचं काम तिचंच. झोपताना ती फ्रिजमधलं गार पाणी वाडग्यात ओतते, वरचे दात एका कडेला ठेवते आणि खालचे दुसऱ्या. सकाळी बघावं, तर दोन्ही एकमेकांवर घट्ट मिटलेले असतात. पाण्यावर पांढरा फेस असतो. बोटं बुडवावीच लागतात, दुसरा इलाज नाही. आणि पाणी कोमट लागतं.

"झालं का गं, बारके?" आतून आई बोळक्या तोंडाने हाक मारते. "आण ना लवकर. भूक लागलीय..."

बारकी कवळी धुते, पुसते, आणि नेऊन देते.