ब्रेन्से बेटाचं एक मत

डॉक्टर वासंती मॅकफी यांच्या पदरात त्या मंगळवारी काय काय पडू शकलं असतं, ते आधी पाहून घेऊ. एक नवी फेरीबोट, वारा सुटला की बंदरातच बसून न राहणारी. ब्रेन्से बेटावर बाळंतपणाचा विभाग, चार खाटांचा का होईना, पण सुईणींसकट. आणि पुढच्या निवडणुकीत तिथल्या मेंढपाळापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांची मतं, न मागता. हे सगळं एका बटणाच्या बदल्यात.

बटण एडिनबर्गच्या संसदेतलं. सरकार अल्पमतातलं, चौसष्ट मतांवर लंगडत चाललेलं. विरोधक त्रेसष्ट. मधल्या एकुलत्या खुर्चीत ब्रेन्से बेटाच्या अपक्ष सदस्य वासंतीबाई, माहेरच्या घैसास, मूळच्या मिरजेच्या. त्या 'हो' म्हणाल्या तर विधेयक तरणार. 'नाही' म्हणाल्या तर चौसष्टाला चौसष्ट होणार, आणि बरोबरी झाली की सभापतींनी आहे ते आहे तसंच राहू द्यायचं, असा तिथला रिवाज. म्हणजे विधेयक बुडणार. आणि विधेयक होतं स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं का, हे जनतेला पुन्हा एकदा विचारण्याचं. लंडनने वैतागून एकदाची परवानगी दिली होती. आता अडलं होतं ते वासंतीबाईंपाशी.

आणि अशा सकाळी वासंतीबाई एडिनबर्गच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरात बसून पोहे खात होत्या.

"म्हणजे तू इथे खायचं आणि तिकडे तुझी सावली भांडायची?" दत्तूमामांनी कढईतून मान वर न काढता विचारलं. हे त्यांचे धाकटे मामा, महिनाभरासाठी भाचीकडे आलेले. सांगलीच्या एका पक्षकार्यालयात त्यांनी उभा जन्म काढला होता. फुटू पाहणारे आमदार सांभाळणं हे त्यांचं खातं.

"भांडत नाही मामा, बोलते," वासंती म्हणाली. "माझी भाषणं, पत्रं, फोन, दवाखान्यातलं बोलणं, सगळं ऐकवून संगणकात ती तयार केलीय. मी जिथे जे बोलेन, तेच ती बोलते. फ्लोरा बुकनची सावली फ्लोरासारखी बोलते."

"बुकनबाई म्हणजे तुमच्या घासाघिशीच्या मंत्री?"

"संसदीय कामकाजाच्या. आमच्या दोघींच्या सावल्या सौदापेटीत बसतात. आत काय चाललंय ते तेव्हा कोणी पाहत नाही. बाहेर येतो तो फक्त करार."

गेल्या निवडणुकीनंतर सरकार बनवण्याच्या वाटाघाटी अख्खा हिवाळा चालल्या होत्या. रोज काहीतरी फुटायचं, रोज कोणीतरी रुसायचं. शेवटी सगळ्याच पक्षांनी कंटाळून ही पेटी मान्य केली. सावल्या थकत नाहीत, वर्तमानपत्राला फोन करत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर तोंड फिरवत नाहीत.

"आम्ही आमदारांना बसमध्ये घालून रिसॉर्टवर न्यायचो," मामा म्हणाले. "मोबाइल काढून घ्यायचे, पत्ते द्यायचे, रात्री मटण. तरी एखादा संडासच्या खिडकीतून पसार व्हायचाच. त्या खिडकीवर आमचं सगळं राजकारण होतं बघ. तुझ्या पेटीला खिडकी आहे का?"

"नाही. आधीच सही करतो आम्ही. येईल ते मान्य."

"आणि सावलीला राग येतो?"

"मला येतो तेवढा येतो."

"मग संपलंच," मामा म्हणाले आणि पोह्यांचा डाव घेऊन तिच्याकडे वळले. "घे अजून."

"नको मामा, झालं माझं."

मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं करून वाढलं. तिने मुकाट्याने खायला घेतलं. दुसरा घास तोंडात होता तेव्हा फोन वाजला. करार आला होता.

इतक्या लवकर?

करारात दोनच कलमं होती. पहिलं, डॉ. मॅकफी विधेयकाच्या बाजूने मत देतील. दुसरं, ब्रेन्से बेटाच्या अडचणींची सरकारला जाणीव आहे.

वासंतीने तिसरं कलम शोधण्यासाठी पडदा वर सरकवला. मग खाली, मग पुन्हा वर. कोरी जागा होती आणि खाली तिची स्वतःची सही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नाड्या पाहिलेल्या त्या बाईला आपल्या कानात आपलीच नाडी ऐकू यायला लागली.

"जाणीव आहे?" मामांनी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. "जाणीव? आणि बाळंतीण कशावर निजवायची, जाणिवेवर?"

"यंत्र बिघडलंय मामा. नक्की बिघडलंय."

पेटीचा एक नियम असा होता की समोरच्याचं बोलणं मिळत नसे, पण आपल्या सावलीची वाक्यं आपल्याला पाहता येत. वासंतीने ती मागवली. सगळी मिळून पाच ओळी होत्या. इंग्रजीत होत्या, पण ती वाचू लागली तसतसा तिचा चेहरा उतरत गेला. मामांसाठी ती अडखळत मराठीत सांगत गेली.

"तुमची ओढाताण मला कळते... बेटाचं काय, आम्हाला सवय आहे... नाही, नाही, आत्ता तुम्ही त्यात पडू नका... फेरीबोटीचं पुढे कधीतरी पाहू... मताची काळजी करू नका."

मामा कढई खाली ठेवून खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "वासू, ही तर आपल्या मिरजेच्या घरात बोलतेय."

"म्हणजे?"

"अगं, आत्ता पोह्यांना काय म्हणालीस? नको, झालं माझं. आणि पोट भरलं होतं का? तुझ्या आईने तुम्हा पोरींना हेच शिकवलं. पाहुण्यांकडे गेलं की नको म्हणायचं. मग यजमानाने आग्रह करायचा, तिसऱ्यांदा वाढलेलं घ्यायचं. तुझी सावली नको म्हणून पानावर वाट बघत बसली असेल गं. आणि त्या बुकनबाईच्या घरी नको म्हणजे नको!"

यंत्र बिघडलेलं नव्हतं, आणि हेच वासंतीला सहन होईना. तिने आठवून पाहिलं. आरोग्यमंत्र्यांच्या दालनात ती दोनदा गेली होती. दोन्ही वेळा "तुम्ही कामात दिसता" असं म्हणून परतली होती. आकडे, अर्ज, नकाशे सगळं दिलं होतं, पण "मला हे हवं आहे" हे वाक्य तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. पेटी आली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता आपल्याला मागावं लागणार नाही, सावली मागेल.

"ऊठ," मामा म्हणाले. "आजवर कुठल्याही सहीने आमदार बांधला गेलेला मी पाहिला नाही. जा आणि सांग, मी 'नाही'चं बटण दाबणार. संध्याकाळच्या आत विभाग घेऊन धावत येतात की नाही बघ. पैज. हरलो तर परतीच्या विमानात त्यांचं ते बेचव जेवण सगळं संपवीन."

फ्लोरा बुकन संसदेच्या लांब काचेच्या ओसरीत भेटल्या. उंच, सडसडीत बाई. वासंतीला पाहून त्या ओशाळल्या, आणि त्यांचं हे ओशाळणंच वासंतीला जास्त लागलं.

"वासंती, मलाही धक्का बसला," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? मी दोन्ही द्यायला तयार होते. विभाग पहिल्या शब्दाला आणि फेरीबोट दुसऱ्याला. अर्थमंत्र्यांची संमती घेऊन ठेवली होती."

"मग द्या ना." हे तीन शब्द उच्चारताना वासंतीचे कान तापले.

"आता काय देऊ? सकाळीच तो पैसा दक्षिणेकडच्या रस्त्याला गेला. तिथले आमचेच दोन सदस्य रुसून बसले होते. त्यांच्या सावल्यांनी पेटीत टेबलावर मुठी आपटल्या म्हणे."

"मग मी विरोधात मत देईन."

फ्लोराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तपासणीचा कागद वाईट आला की वासंती स्वतः रोग्याकडे असंच पाहत असे.

"तू तसं करणारी असतीस," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर तुझ्या सावलीने ती धमकी दिली असती. नसती दिली का?"

फ्लोराबाई तिच्या दंडाला हलकेच हात लावून निघून गेल्या.

मतदानाच्या वेळी सभागृह गच्च भरलं होतं. वरच्या गॅलरीत लोक दाटीने बसले होते, कोणी रडवेले, कोणी दात आवळून. गॅलरीच्या एका कोपऱ्यात दत्तूमामा कोटाची गुंडी पिरगाळत होते. वासंतीचं ठरलं होतं. 'नाही'. तिने ते मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की आता त्यात राग उरला नव्हता, नुसती आज्ञा उरली होती. बेटावर तिचा नवरा कॅलम रेडिओला कान लावून बसला असणार. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला आणि उभ्या आयुष्यात स्वतंत्र स्कॉटलंडचं एकच स्वप्न पाहिलेला माणूस. पण ती बेटावरून निघताना मत कुठे द्यायचं याबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. "स्वस्तात देऊ नकोस" एवढंच म्हणाला होता.

सभापतींनी मतदान पुकारलं. वासंतीने 'नाही'वर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. तिने समोर पाहिलं.

सरकारी बाकांवर कोणीही तिच्याकडे पाहत नव्हतं. देशाचं भवितव्य जिच्या नखाखाली होतं, तिच्याकडे एकाचीही मान वळलेली नव्हती. फ्लोराबाई पुढच्या विषयाचे कागद वाचत होत्या. त्यांनी पान उलटलं आणि पेन्सिलीने काहीतरी खूण केली.

एकदा पाहा, वासंतीला वाटलं. एकदाच मान वर करा. नुसतं भुवईने विचारा. मी सांगेन.

कोणी विचारलं नाही. आणि तिच्या ध्यानात आलं की आपण आत्ता, या क्षणीही, आग्रहाची वाट पाहत बसलो आहोत.

मग बोट सरकलं. ते कॅलमसाठी सरकलं, दिलेल्या शब्दासाठी, की नुसतं लाजेने, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. फलकावर आकडे उमटले तेव्हा गॅलरीत जो आरडाओरडा झाला, त्यात ती एकटीच आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावं तशी पाहत होती. पासष्ट विरुद्ध त्रेसष्ट. फ्लोराबाईंनी तेव्हा कुठे मान वर केली, आणि तीही घड्याळाकडे पाहायला.

कॅलमचा फोन लगेच आला. म्हातारा लहान मुलासारखा हुंदके देत होता. बऱ्याच वेळाने नाक पुसून त्याने विचारलं, "आणि फेरीबोट?"

तिने त्याला करारातलं दुसरं कलम वाचून दाखवलं. पलीकडचे हुंदके थांबले.

आता हिशेब. सरकार वाचलं. फ्लोराबाईंना पुढच्या फेरबदलात मोठं खातं मिळालं. दक्षिणेचा रस्ता झाला, चांगला झाला. कॅलमला त्याचा प्रश्न मतपत्रिकेवर छापून मिळणार होता, पण तो पूर्वीसारखा रेडिओ लावीनासा झाला. पेटी बनवणाऱ्यांनी आपल्या जाहिरातीत लिहिलं की एकही अंदाज चुकलेला नाही, आणि ते खरं होतं. दत्तूमामा पैज हरले आणि विमानातलं जेवण निमूटपणे संपवून मिरजेला पोचल्यावर त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "वासू, आमच्या आमदारांना उगाच नावं ठेवली मी. ते निदान खिडकी शोधायचे."

आणि किंमत कोणी मोजली?

पानगळीत एका गढूळ सकाळी वासंती बंदरावर उभी होती. जुनी फेरीबोट तीन दिवस बंद राहून आज सुटणार होती, पुढचं वादळ यायच्या आत. कोळ्याची बायको कर्स्टी सुटकेस घेऊन उभी होती. पोट पुढे, हात कमरेवर. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण नंतर बोट मिळेल याचा भरवसा नव्हता. म्हणून तिला आत्ताच मुख्य भूमीवर जाऊन भाड्याच्या खोलीत एकटीने वाट पाहायची होती. तिची लहान मुलगी बापाच्या कडेवरून ओरडत होती. देश वेगळा व्हावा की होऊ नये, यावर कर्स्टीचं काही मत नव्हतं. तिला आपल्या माणसांत बाळंत व्हायचं होतं.

"सगळे कागद घेतलेस ना? रक्तदाबाच्या गोळ्या?" वासंतीने विचारलं.

"घेतल्या." कर्स्टी शिडीवर एक पाय ठेवून थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं जाणून घ्यायचं होतं तिला.

"डॉक्टर, एक विचारू? तुम्ही मागितलं तरी होतं का?"