दंडावरून पळणारं नाव

सावर्डेकरांनी शर्टाची बाही वर सरकवली आणि रेवा माळवदेनं कपाळाला हात लावला. मागच्या आठवड्यात खांद्यापासून मनगटापर्यंत तिनं बसवलेली टॅटूंची वेल पुन्हा मधोमध तुटली होती. विंचू जागेवर होता, गोव्यात मित्रांच्या नादानं काढलेला जहाजाचा नांगर जागेवर होता, मुलीच्या पावलाचा ठसाही होता तिथंच होता. मनगटावरचं 'आई' तर हलायचं नाव घेत नव्हतं. दंडावरचं बायकोचं नाव, 'ऋजुता', तेवढं दोन बोटं मागे, काखेच्या दिशेनं पळालं होतं. ही तिसरी खेप होती.

"खाजवलंत?"

"नाही हो मॅडम. सुती कापड, गार पाणी, तुम्ही सांगितलं तेवढंच."

मिरजेतल्या तिच्या स्टुडिओत असे हात रोज यायचे. लोकांनी ऐन उमेदीत जिथं मनाला येईल तिथं सुटे सुटे टॅटू काढून ठेवले होते आणि आता प्रत्येकाला त्यांची एक सलग बाही हवी होती. पूर्वी त्यासाठी जुन्यावर नवं गिरवावं लागे. सरकशाईनं ते संपवलं. एक द्रावण टोचलं की कातडीतले जुन्या शाईचे कण मोकळे व्हायचे. मग हाताला पट्टा बांधून सौम्य वीजप्रवाह सोडायचा. कण पडद्यावरच्या नक्षीबरहुकूम सरकत जायचे आणि आठवड्याभरात तिथंच पक्के बसायचे. पुरळ असेल, खाज असेल, तिथून मात्र ते आपणहून बाजूला व्हायचे. चेतातंतू अस्वस्थ असतील त्या जागी बसायचं नाही, असंच त्यांना घडवलेलं होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात या गुणाला 'त्वचेचा मान' असं गोंडस नाव होतं. रेवानंही त्याला एक नाव ठेवलं होतं, पण ते गिऱ्हाइकासमोर उच्चारण्यासारखं नव्हतं.

तिनं भिंगाखाली दंड तपासला. कातडी लहान मुलाच्या गालासारखी नितळ होती.

"रविवारपर्यंत होईल ना?" सावर्डेकरांनी विचारलं. "लग्नाला वीस वर्षं होतायत. सोमवारी ती नागपूरला चाललीय. बँकेत बढती मिळालीय, पण बदलीवर. नको म्हणू शकते, पण म्हणत नाही. हा हात बघितला की राहील."

हात बघून राहणारी बायको रेवानं अजून पाहिली नव्हती. तरी तिनं पट्टा बांधला आणि पडदा सुरू केला. शाईचे कण आणि कातडीतली हालचाल दोन्ही त्यावर दिसत होतं. सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "मिसेस काय म्हणतात?" पडदा शांत. "मुलगी?" शांत. "आई बऱ्या आहेत?" शांत. "आणि ऋजुताताई?"

दंडावरचा केस न् केस ताठ झाला आणि अक्षरं मुंग्यांसारखी काखेकडे निघाली. तिनं पुन्हा विचारलं. पाच वेळा विचारलं, पाचही वेळा तेच झालं.

"घरी काही भांडण आहे का तुमचं?"

"छे. वीस वर्षांत आवाज चढलेला नाही कुणाचा."

"मग उद्या त्यांना घेऊन या," रेवा वैतागून म्हणाली. "नाहीतर दुसरा स्टुडिओ बघा. माझे तीन आठवडे पाण्यात गेलेत."

दुसऱ्या दिवशी सौ. सावर्डेकर आल्या, मांडीवर पर्स घेऊन सरळ बसल्या. रेवानं सावर्डेकरांच्या हाताला पट्टा बांधून पडदा सुरू केला आणि आडपडदा ठेवला नाही. "तुमचं नाव घेतलं की यांच्या अंगावर काटा येतो आणि शाई पळते. का पळते ते तुमचं तुम्ही शोधा. मी यंत्र तपासलं, शाई तपासली, आता माझी अक्कल संपली."

"ते माझं नाव नाही," त्या म्हणाल्या.

सावर्डेकर खाली बघू लागले.

"मी सारिका. बँकेत सारिका, माहेरी सारिका. ऋजुता सासूबाईंनी निवडलं. लग्नात यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलं, तेव्हा मी पहिल्यांदा वाचलं. समोर बसले होते, त्यामुळे तेही उलटंच वाचलं."

"कधीतरी बोलायचंस ना."

"तिसऱ्या दिवशी बोलले होते. तुम्ही म्हणालात, आईचं मन मोडायला नको, थोडे दिवस जाऊ देत."

सावर्डेकरांना आठवत नसेल असं रेवाला क्षणभर वाटलं. पण पडद्यावर दंड नुसता पेटला होता. त्यांच्या कातडीला सगळं आठवत होतं. रेवाला त्यांचा राग आला आणि दयाही आली, आणि एकाच माणसाबद्दल दोन्ही वाटावं याचा आणखी राग आला.

"पुसून टाका ते, मॅडम," सावर्डेकर म्हणाले. "तिथं सारिका लिहा."

"हातावर नको," सारिका म्हणाली. "आधी तोंडानं म्हणा."

त्यांनी दोनदा घसा खाकरला. वीस वर्षं 'अगं'वर काम भागवलेल्या माणसाला ते सोपं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "सारिका."

खांद्यापासून कोपरापर्यंत हात निवला. पळालेली अक्षरं जिथल्या तिथं थबकली. बायकोचं नाव निघूनही पहिल्यांदाच पडदा असा स्वच्छ दिसत होता. सारिकाचे डोळे भरून आले. रेवानं उगीचच पट्टा घट्ट केला.

"नागपूरला जाऊ नकोस, सारिका."

"ते मी ठरवीन. पण आज घरी सगळे जेवायला बसलो की मला याच नावानं हाक मारा. सगळ्यांसमोर."

रेवाची नजर पडद्यावर होती. दंड अजून शांतच होता. हालचाल खाली मनगटाशी सुरू झाली होती. आजवर तसूभरही न हललेलं 'आई' कडेनं सुटं होऊन तळव्याकडे सरकायला लागलं होतं. तिनं प्रवाह बंद केला तरी ते थांबेना.

"पण सारिका," सावर्डेकर बायकोकडे बघत अजिजीनं म्हणाले, "आईला कोण सांगणार?"

सारिकानं पर्सचा बंद खांद्यावर घेतला.

"हे तुम्ही मला विचारताय?"