फियाटची डावी लेन्स

भोसरी एमआयडीसीत सकाळी अकराला पत्र्याच्या शेडखाली काम करणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. त्यात रियाजचं डोकं आधीच तापलेलं. अनुयाच्या वडिलांच्या जुन्या फियाटच्या मागच्या दिव्याची उजवी लेन्स आत्ताच त्याच्या हातून फुटली होती. पाच लाल तुकडे खाली पडले होते.

"दुसरी मिळेल ना, रियाजभाई?" अनुया पुनावळ्याहून रजा काढून आली होती. वडील गेल्यापासून बंद पडलेली गाडी तिला पुन्हा रस्त्यावर आणायची होती.

"न्हाई मिळत, ताई. तळवड्यात एक जण साचा काढून देतो, पण नमुना अख्खा लागतो. ही डावी धड निघाली तर दोन्ही होतील. फुटली तर संपलं."

आतले बल्बचे होल्डर गंजले होते, त्यामुळे लेन्स काढण्यावाचून इलाज नव्हता. एरवी स्क्रू काढले की लेन्स हातात येते. पण पाणी शिरू नये म्हणून कुणीतरी रबराऐवजी कडेनं एम-सील थापलं होतं. कुणी, ते विचारायची गरज नव्हती. थुंकीनं अंगठा ओला करून ठसे दाबत जायची खोड एकाच माणसाची. प्रत्येक ठशावर जुन्या जखमेची आडवी रेघ होती.

झिशानभाई. रियाजचा थोरला भाऊ.

अकरा वर्षांपूर्वी, चार गिऱ्हाइकांसमोर, तो म्हणाला होता, "तुझ्या हाताला सबर नाही. तू फोडणारच." दुसऱ्या दिवशी तो हे गॅरेज सोडून चाकणला कंपनीत लागला. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा रियाज मातीलाही गेला नाही. आपण गेलो नाही याचाही राग त्याला झिशानवरच होता.

त्यानं हीट गननं कड शेकली. मग मासेमारीची नायलॉनची दोरी, तंगूस, कडेखाली घालून करवतीसारखी ओढायला लागला. तंगूस जागची हलेना. बोटं कापली.

"मेला तरी माझं काम नासवतोय," तो पुटपुटला. मग मोठ्यानं म्हणाला, "सोड आता! सोड!"

तंगूस सर्रकन आत गेली. मळलेल्या कणकेतून जावी तशी.

लवंगेचा वास आला. झिशानच्या गालात कायम लवंग असायची. रियाजनं अनुयाकडे पाहिलं. तिनंही नाक वर केलं होतं.

लेन्स अख्खी निघाली. रियाजनं ती दोन्ही हातांत धरली आणि उलटी केली.

"हे ओलं आहे," अनुया म्हणाली. "तुम्ही आज लावलंत?"

एम-सील तासा-दोन तासांत दगड होतं. हे मऊ होतं, कोमट होतं, आणि त्यावर एकही ठसा नव्हता.

"काय पाहिजे तुला?" रियाज ओरडला. आवाज फाटला. "आलो नाही मी! नव्हतं यायचं मला! चार लोकांत माझी इज्जत काढलीस, आणि मीच खांदा द्यायचा?"

अनुया एक पाऊल मागे सरली. शेजारच्या शेडमधला प्रेस थांबला.

वरच्या कोपऱ्यात एम-सील हळूच दबलं. ठसा उमटला. आडवी रेघही.

त्याला लागून दुसरा.

मग तिसरा. सावकाश, एकसारखे, कडेकडेनं, रियाजच्या उजव्या हाताकडे.

त्याची पकड सैल झाली. लेन्स टाकून पळावं असं त्याला वाटलं.

"रियाजभाई, सोडू नका," अनुया कशीबशी म्हणाली. "ती एकच आहे."

त्यानं सोडली नाही.

शेवटचा ठसा त्याच्या अंगठ्याला येऊन भिडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याच्या नखावर अंगठ्याएवढं काहीतरी ओलं टेकलं, आणि नख दाबाखाली हळूहळू पांढरं होत गेलं.