रिकामं पाणी

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी चिन्मयीने रामदासपेठेतल्या स्टुडिओचं कुलूप काढलं. खालच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं जिन्यात बसली होती. त्यांच्या गुडघ्यांना धक्का लागू न देता ती वर आली होती. तिने खिडकी उघडली, बाटलीत उरलेलं पाणी मनीप्लँटला घातलं, चष्म्याच्या कापडाने संगणकाचा पडदा पुसला आणि दिवसाची यादी वाचली. उमरेड रस्त्यावरच्या एका रिसॉर्टच्या वेबसाइटसाठी तलावाचा फोटो आणखी तीन आकारांत हवा होता: सोळाशे, आठशे आणि चारशे पिक्सेल रुंद. आठ वर्षं ती हेच करत होती. निसर्गाचा फोटो आधी लहान करायचा, मग त्याला धार द्यायची; लहान करताना पानांच्या, लाटांच्या कडा बोथट होतात, त्या परत आणायच्या.

सव्वादहाला फोन आला.

"चिन्मयीताई ना? मी कामिनी. तुम्ही तलावावर माह्या सासूचा फोटो काढला होता. जिजाबाई. शिंगाडेवाल्या."

"हो, हो. कशा आहेत त्या?"

"गेल्या. आज सातवा दिवस. तेरवीले फोटो लागते, अन् घरात ढंगाचा एकबी नाही. आधारवरचा आहे, पन तो लावाले मन होत नाही."

"शोधते," चिन्मयी म्हणाली. "आहे माझ्याकडे. शोधून पाठवते."

तिने फोन ठेवला. फोटो नव्हता, आणि ते तिला शोधण्याआधीच ठाऊक होतं.

कार्तिकात रिसॉर्टच्या कामासाठी ती स्वतःच त्या तलावावर गेली होती. जिजाबाई कमरेइतक्या पाण्यात शिंगाड्याच्या वेली उलटत होत्या आणि कामिनी काठावर पोतं धरून उभी होती. कॅमेरा दिसताच जिजाबाई म्हणाल्या होत्या, "थांब वं पोरी, पदर घेऊ दे. आधारात त्या मेल्यानं मले चोट्टीवानी काढलं." मग त्या हसल्या आणि तेवढ्यात फोटो निघाला. "पाठवजो बरं." चिन्मयीने नक्की म्हटलं होतं, कामिनीला आपला नंबरही दिला होता.

स्टुडिओचे मालक कृष्णकांत यांना तो फोटो आवडला, बाई सोडून. "पाणी रिकामं पाहिजे. लोकाइले एकांत विकून राहिलो आपण, शिंगाडे नाही. बुढीले काढ."

चार मिनिटांचं काम होतं. शेजारचं पाणी उचलून ती जिजाबाईंवर पसरत गेली. चेहरा शेवटी घेतला. फाइल मूळ फाइलवरच जतन केली आणि दुसऱ्या कामासाठी कॅमेऱ्यातलं कार्डही पुसलं. पाठवायचं राहिलं, हे तेव्हा तिला आठवलं होतं. पण त्या काय विचारायला येणार आहेत, असंही मनात आलं होतं.

तरीही तिने दोन वाजेपर्यंत प्रत्येक हार्डडिस्क उघडून पाहिली. काही मिळालं नाही. मग ती यादीतल्या कामाला लागली.

सोळाशे पिक्सेलच्या प्रतीला धार दिली तेव्हा तलावाच्या मधोमध एक बारीक उभी पांढरी रेघ उमटली. धार जास्त झाली की कडेभोवती अशी रेघ येते, पण त्यासाठी तिथे कड असावी लागते. तिने मोठा फोटो तिप्पट करून तपासला. तिथे नितळ पाणी होतं, दुसरं काही नाही.

आठशेच्या प्रतीत रेघेचा खांदा झाला, खांद्यावर पदर आला. चिन्मयीने उंची मोजली. एकशे तीस पिक्सेल. सोळाशेच्या प्रतीतली रेघही एकशे तीसच होती. झाडं अर्धी झाली होती, काठ अर्धा झाला होता, ती आकृती मात्र लहान झाली नव्हती.

चारशेच्या प्रतीत पलीकडची झाडं नखाएवढी उरली, आणि त्यांच्यापुढे जिजाबाई हसत होत्या.

चहाचा कप घेऊन कृष्णकांत मागे आले.

"कोन आहे वं ही?"

"जिजाबाई."

"काढली होती ना तिले?"

"काढली होती."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "चष्म्याचा नंबर वाढला असन माहा," म्हणाले आणि खाली गेले. त्या दिवशी ते परत वर आले नाहीत.

फोटो मोठा केला की तिथे पुन्हा पाणी होई. चेहरा फक्त लहान आकारात राही.

चिन्मयीने कामिनीला फोन लावला. "सकाळी मी खोटं बोलले. मी तुझ्या सासूबाईंना फोटोतून पुसलं होतं. मूळ फोटो उरला नाही. एक लहानसा मिळालाय."

"पुसलं म्हंजे?"

"पाणी रिकामं हवं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी वाजून थांबली.

"जिंदगी गेली त्याइची त्या पान्यात," कामिनी म्हणाली. "पाठवा."

तिने फोटो पाठवला. पाच मिनिटांनी कामिनीचाच फोन आला. ती रडत होती.

"त्याच आहे. हसूनच राहिल्या. पन ताई, त्याइच्या मांगं पान्यात तुम्ही काहून उभ्या आहे?"

चिन्मयीने पाहिलं.

जिजाबाईंच्या खांद्यामागे एक बाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. अंगात तिचाच त्या दिवशीचा पिवळा कुर्ता, गळ्यात तिचाच कॅमेरा.

चेहऱ्याच्या जागी पाणी होतं. शेजारचं उचलून पसरलेलं. स्वतःच्या हातचं काम तिने ओळखलं.

चार मिनिटांत ते काढता आलं असतं. जिजाबाईंना स्पर्शही झाला नसता. तिचा हात माउसवर गेला आणि तिथेच थांबला.

"राहू देऊ का तशीच?" तिने विचारलं.

"तुम्ही पाहा," कामिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीत तिने फोटो छापून घेतला, काडेपेटीएवढा, आहे तसा. भोवती पांढरा कागद सोडून चौकट करून घेतली. तेराव्या दिवशी उमरेडची बस धरली.

ओसरीत पाटावर चौकट ठेवली तेव्हा पंगतीचा गलबला थोडा उतरला. कामिनीने झेंडूचा हार तिच्या हातात दिला. "तुम्हीच घाला."

चिन्मयीने तो चौकटीला घातला आणि दोन्ही बाजूंनी सारखा केला. हार एकच होता. तो दोघींभोवती नीट बसला.